हिदेतोशी नाकाताची ऑनलाइन लोकप्रियता मोजताय? या चुका टाळा

जपानचा फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताने 3 जुलै 2006 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली, तीही स्वतःच्या वेबसाइटवरून. ट्विटर सर्वांसाठी खुलं झालं ते त्याच महिन्यात आणि इन्स्टाग्राम यायला अजून चार वर्षं होती. त्यामुळे त्याचे आजचे फॉलोअर नागातोमो किंवा कागावा या नंतरच्या जपानी फुटबॉलपटूंच्या शेजारी मांडून 'नाकाता मागे पडला' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो ऐन भरात होता तेव्हा लोकांचं प्रेम मोजायला ही साधनंच नव्हती.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. नुसतं 'नाकाता' शोधलंत तर जपानी लिपीत तीच दोन अक्षरं लावणारे सगळेच आकड्यात येतात: बेसबॉलपटू शो नाकाता, यूट्यूबवर गाजलेला विनोदवीर आत्सुहिको नाकाता आणि 2002 च्या विश्वचषकात हिदेतोशीसोबत जपानच्याच संघातून खेळलेला कोजी नाकाता. मग आलेख अचानक उसळला की आपण खूश होतो, आणि बातमी निघते बेसबॉलची! गूगल ट्रेंड्समध्ये (गूगलवर कोणता शब्द कधी किती शोधला गेला ते दाखवणारं साधन) नाव टाइप केल्यावर खाली 'फुटबॉलपटू' असं लिहिलेला विषय दिसला तर तोच निवडा. नसेल तर जपानी लिपीत पूर्ण नाव द्या. इटलीतलं प्रेम बघायचं असेल तर देश इटली निवडून वेगळं बघा. पेरुजिया या इटालियन क्लबकडून पदार्पणातच त्याने युव्हेंटसला दोन गोल मारले आणि रोमा क्लबसोबत 2001 मध्ये इटलीची लीग जिंकली. तिथली आठवण वेगळी आहे.

ट्रेंड्सचा 100 हा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च क्षणाला 100 धरून बाकीचं त्या प्रमाणात मांडलेलं असतं. 2004 पासूनचा काळ घेतलात आणि जर्मनीतला विश्वचषक व निवृत्ती यांचं 2006 सालचं शिखर त्यात आलं, तर पुढची वर्षं जमिनीला चिकटलेली दिसतील. कुतूहल संपलं असा त्याचा अर्थ नाही. अलीकडची पाच वर्षं वेगळी काढून बघा.

विकिपीडियाच्या पानांची वाचनं मोजणार असाल तर घड्याळ सांभाळा. ती आकडेवारी जागतिक प्रमाणवेळेने दिवस मोजते आणि जपान नऊ तास पुढे आहे. 23 नोव्हेंबर 2022 ला कतारमध्ये जपानने जर्मनीला 2-1 हरवलं, तेव्हा टोकियोत मध्यरात्र होत आली होती. त्यानंतर सकाळी नऊपर्यंत कुणी जुन्या खेळाडूंची पानं उघडली असतील, तर ती 23 तारखेच्याच खात्यात जमा झाली. जपानी वर्तमानपत्रांच्या तारखांशी ताडून बघाल तर एक दिवसाचा फरक पडेल. ही आकडेवारी जुलै 2015 पासूनचीच आहे, हेही धरून चाला. शिवाय बॉट्स (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) वगळून फक्त माणसांची वाचनं निवडा, आणि जपानी, इटालियन, इंग्रजी पानं वेगवेगळी ठेवा.

आणखी एक: नाकाता आता साके (तांदळाची जपानी दारू) आणि जपानी हस्तकलेच्या प्रचारात रमला आहे. साकेच्या महोत्सवामुळे वाढलेले शोध फुटबॉलच्या खात्यात टाकू नका. ट्रेंड्समध्ये खाली 'संबंधित शोध' असतात, त्यात साके दिसतेय की पेरुजिया, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ उलगडा होतो.