बंद लष्करी तळ शहराने घेण्याआधी

अमेरिकेत तळ बंद होणार अशी घोषणा झाली की शहराने आधी रांग बघावी. पहिला हक्क केंद्राच्या इतर खात्यांचा. मग 1994 च्या कायद्याप्रमाणे बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे अर्ज मागवायचे आणि त्यांचा विचार केलेला, तळाच्या नव्या वापराचा आराखडा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून मंजूर करून घ्यायचा. हे काम उरकून टाकू नका. आराखडा परत आला तर सगळं वेळापत्रक कोलमडतं.

जमिनीच्या बाबतीतही हवा तितका वेळ घ्या. तळाचे जुने नकाशे मागवा: इंधनाच्या टाक्या कुठे पुरल्या, कचरा कुठे टाकला, आग विझवण्याचा सराव कोणत्या कोपऱ्यात चालायचा. आग विझवायच्या फेसातली पीएफएएस नावाची, सहजी न विघटणारी रसायनं भूजलात उतरतात, वरून काही दिसत नाही. गोळीबाराचं मैदान असेल तर न फुटलेला दारूगोळा असणारच असं धरून चला. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड हा लष्करी तळ 1994 साली बंद झाला, त्यानंतरही कित्येक वर्षं तिथे तो शोधून काढत होते. ‘सफाई झाली’ असं सांगितलं तर कशापुरती ते विचारा. गोदामापुरती, की मुलं मातीत खेळतील इतकी? सुपरफंड या प्रदूषित जागांच्या सफाईच्या कायद्यानुसार पुढे जुनं प्रदूषण सापडलं तर ते काढण्याची हमी केंद्राने खरेदीखतात द्यायची असते. ते कलम वकिलासोबत बसून वाचा. गव्हर्नरच्या संमतीने सफाईआधीही ताबा मिळतो, पण पैसे कोण, कधी देणार हे कागदावर नसेल तर त्या मोहात पडू नका.

उद्यानासाठी किंवा शाळेसाठी जमीन सवलतीत, कधी फुकटही मिळते. मात्र वापर बदलता येत नाही.

इमारतींपेक्षा त्यांच्या खालचे पाइप तपासा. तळावर इमारतीगणिक पाण्याचे मीटर बहुधा नसतात, गटारं शहराच्या नियमांत बसत नाहीत. ताबा मिळाल्या दिवसापासून पहारा आणि विमाही शहराच्याच माथी. रिकाम्या इमारतीतली तांब्याची तार चोर फार दिवस ठेवत नाहीत.

एवढे खर्च मांडून झाले की किमतीवर बसा. कॅलिफोर्नियातल्या अलामेडाच्या तळासाठी नौदल 2006 च्या सुमारास 10.85 कोटी डॉलर मागत होतं. मधे जमिनीचे भाव कोसळले आणि 2011 मध्ये बराचसा भाग फुकट द्यायचं ठरलं. ट्रेझर आयलंड या बेटावरच्या नौदलाच्या जुन्या तळासाठी सॅन फ्रान्सिस्कोने 5.5 कोटी डॉलर हमीचे, वरचे नफा झाला तर, अशी बोली केली. तशा अटींचा मसुदा पहिल्या बैठकीआधीच तयार ठेवा.