पुणे ते बंगळुरू: बिऱ्हाड, गाडी आणि दीड-दोन वर्षांचं मूल

पुणे–बंगळुरू अंतर साधारण ८४० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून एकटा माणूस पहाटे निघून रात्री पोचतो, आणि बदलीच्या वेळी नेमका हाच हिशोब घात करतो. दीड-दोन वर्षांचं मूल सोबत असेल तर सरळ दोन दिवस धरा आणि मुक्काम हुबळीला ठेवा. पुण्याहून हुबळी ४३० च्या आसपास, तिथून बंगळुरू ४१०. बेळगावात मराठी चालतं म्हणून तिथेच थांबायचा मोह होतो. पण मग दुसऱ्या दिवशी ५०० किलोमीटर उरतात आणि बंगळुरूत शिरणाऱ्या तुमकूर रोडवर पोचायची वेळ संध्याकाळच्या गर्दीत येते.

आधी सामानाची वाटणी. ट्रकला दोन ते चार दिवस लागतात. दुसऱ्याच्या सामानाबरोबर भरलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणून गाडीत नव्या घरातल्या पहिल्या तीन रात्रींचा संसार न्यायचा, बाकी सगळं ट्रकात. एक इंडक्शन, तीन लिटरचा कुकर, तांदूळ-डाळ-मेतकूट-तूप, दोन सतरंज्या, मच्छरदाणी, बादली-मग, एक्स्टेन्शन बोर्ड, स्क्रूड्रायव्हर आणि दोन बल्ब. मुलाची चादर आणि उशी न धुता घ्या. अनोळखी खोलीत ओळखीचा वास असला की झोप लवकर लागते. लसीकरणाचं कार्ड, गाडीची आणि भाडेकराराची कागदपत्रं ट्रकात कधीही टाकू नका. भरलेला गॅस सिलिंडर गाडीतही नाही आणि ट्रकातही नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या आणि ते दाखवून बंगळुरूत कनेक्शन घ्या.

डिकीत जड वस्तू तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नका आणि मागच्या काचेखालच्या फळीवर काहीच ठेवू नका. करकचून ब्रेक लागला की तिथली स्टीलची बाटली पुढे येते, आणि पुढे मुलाचं डोकं असतं. भरलेल्या गाडीचा हवेचा दाब वेगळा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा दिलेला असतो, तेवढी हवा टायर थंड असताना भरा.

आता कार सीट. ‘आजीच्या मांडीवर शांत बसतो’ हे खरं असतं, पण पन्नासच्या वेगात धडक बसली तर दहा किलोचं मूल हातांत धरून ठेवणं कुणाच्याही ताकदीबाहेरचं आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. सीट वयावर नव्हे, वजन-उंचीवर घ्यायची. मागे तोंड करून बसवायच्या सीटची मर्यादा १३ किलो असेल तर ती भरेपर्यंत, किंवा डोकं सीटच्या वरच्या काठाला येईपर्यंत, मूल मागेच तोंड करून बसू दे. पाय दुमडतात म्हणून घाई करू नका. दुमडलेल्या पायांची खंत मोठ्यांनाच असते, त्या वयाची मुलं मांडी घालून बसतात. अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावायची नाही.

बसवताना चुका ठरलेल्या आहेत. आयसोफिक्सचे (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना कार सीट थेट अडकवायची सोय) दोन्ही हुक ‘खट’ करून लागले की खूण हिरवी होते. एकच हिरवी असेल तर काढून पुन्हा लावा. वरचा पट्टा असेल तर तो सीटच्या मागच्या कडीतच अडकवायचा, सामान बांधायच्या कडीत नाही. नुसत्या सीटबेल्टने बसवत असाल तर सीटवर गुडघा दाबून बेल्ट ओढा. मग बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवून बघा: अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर ढिली आहे. मुलाच्या अंगावरचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना पातळीला किंवा किंचित वर. खांद्यावर पट्टा चिमटीत पकडून पाहा. चिमटीत घडी आली तर अजून ओढायला हवा. स्वेटर घालून पट्टे लावू नका, फुगलेल्या कपड्यामुळे घट्ट वाटतात पण असत नाहीत. थंडी वाटली तर पट्ट्यांवरून शाल पांघरा.

सीटची ओळख प्रवासाच्या दिवशी करून दिलीत तर खेड-शिवापूर यायच्या आत रडारड सुरू होईल. तीन आठवडे आधी सीट आणा, दोन दिवस घरात खेळायला ठेवा, मग भाजीला दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, निघायच्या आधी एकदा दीड-दोन तास. पट्टा सुटल्यावर गाडी थांबते आणि लागल्यावरच चालते, हा नियम आईबाबांनी एकदाही मोडायचा नाही.

पहिला दिवस मुलाच्या झोपेभोवती आखायचा. पहाटे सव्वापाचला झोपलेलं मूल उचलून सीटमध्ये ठेवा. डायपर आधीच बदललेला हवा. सातारा साडेसातच्या आसपास येतं, तिथे दूध-नाश्ता. साताऱ्याआधीचा खंबाटकी घाट पार होईपर्यंत पोटात दूध जाऊ देऊ नका. साताऱ्यापुढे रुंदीकरणाची कामं आणि वळणरस्ते लागतात, तेव्हा नकाशातल्या वेळेत पाऊण तास मिळवा. दहाच्या सुमारास पेठ नाक्याजवळ अर्धा तास मोकळं पळू द्या. जेवण कागलच्या आसपास, बाराच्या आत उरका. उशीर करून निपाणीत जेवलात तर लगेच तवंदी घाट लागतो, आणि भरल्या पोटी वळणं म्हणजे उलटी जवळपास पक्की. सव्वाबाराला झोपलेलं मूल बेळगावपर्यंत उठत नाही. हा दीड तास सोन्याचा आहे. चहासाठी थांबून तो घालवू नका, गाडी थांबताक्षणी मूल जागं होतं. चारच्या सुमारास हुबळी.

कुठेही असा, दर दोन तासांनी मूल सीटमधून बाहेर आलंच पाहिजे, किमान वीस मिनिटं. ढाब्यावर मूल नेहमी डाव्या दारातून उतरवा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघण्याआधीच लावा. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल तापतं, बसवण्याआधी हात लावून बघा. एसी तासन्‌तास आतल्या हवेवर फिरता ठेवला की गाडी कोंदट होते आणि चालवणाऱ्याला पेंग येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या.

खाण्यात घरचं पाणी तीन लिटर, थर्मासमध्ये गरम पाणी आणि पोह्यांची पूड. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून मिक्सरला फिरवायचे, थोडी दुधाची पावडर आणि गूळपावडर घालायची. तीन मोठे चमचे पूड, अर्धी वाटी कडकडीत पाणी, पाच मिनिटं झाकण. खीर कुठेही तयार होते, फक्त मुलाच्या तोंडाला लागेल अशी थंड होऊ द्या. केळी आणि कुस्करलेला राजगिऱ्याचा लाडू चालतो. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चालत्या गाडीत नकोतच, कारण मागे तोंड करून बसलेल्या मुलाला ठसका लागला तर पुढे कळत नाही. म्हणूनच एक मोठं माणूस मागे, मुलाशेजारी बसलेलं बरं. कर्नाटकात शिरलात की इडली आणि दहीभात कुठेही मिळतो. दहीभाताला ‘मोसरन्ना’ म्हणा, ‘खारा बेडा’ म्हणजे तिखट नको, ‘बिसी नीरु’ म्हणजे गरम पाणी. फोडणीतली हिरवी मिरची तरीही वेचून काढा, ‘खारा बेडा’चा अर्थ प्रत्येक आचारी आपापल्या जिभेने लावतो.

औषधांत डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घेतलेलं पॅरासिटामॉल. इथे एक धोका आहे: लहानग्यांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. हुबळीत दुसरी बाटली घेतली तर जुनं माप चालणार नाही, म्हणून मिली नव्हे, मिलिग्रॅम लिहून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. गाडी लागू नये म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार तर अजिबात नको. उलटी झाली तर सीटचे पट्टे ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसायचे. वॉशिंग मशीनमध्ये ते कमकुवत होतात. डायपर दिवसाला आठ या हिशोबाने दोन दिवसांचे सोळा आणि वर आठ. चड्डीसारखे घ्या, उभ्याउभ्या बदलता येतात.

दुसऱ्या दिवशी सहाला निघा. दावणगिरीला लोण्याचा डोसा खायचाच असेल तर तो नाश्त्याच्या वेळेत बसतो. हायवे सोडून गावात जावं लागतं, तेवढी वीस मिनिटं धरा. चित्रदुर्गानंतर दुपारची झोप पाडा, म्हणजे बंगळुरूच्या वेशीवरचं नेलमंगल अडीच-तीनपर्यंत पार होतं. रस्त्यात काही झालं तर महामार्गाची मदत १०३३, रुग्णवाहिका १०८, एकूण आणीबाणीला ११२.

महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात राहणार असेल तर नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचं पत्र. हे निघण्यापूर्वीच सुरू करा, बंगळुरूहून पुण्याच्या खिडकीवर उभं राहता येत नाही.

नव्या घरात सामान उतरवण्याआधी जमिनीवर गुडघे टेकून एक फेरी मारा: उघडे प्लग, बाल्कनीच्या गजांतलं अंतर, न्हाणीघराची बाहेरून न लागणारी कडी, आधीच्या बिऱ्हाडाने सोडलेल्या उंदरांच्या गोळ्या. ट्रक येईल त्या दिवशी दोघांपैकी एकाने मूल घेऊन चार तास घराबाहेर राहायचं. कामगार खोकी फोडतात तेव्हा कटर, खिळे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळ्या जमिनीवर असतात. ट्रकातून आधी मुलाची गादी उतरवून घ्या, सोफा नंतर.