ग्रुपने परदेशात निघालाय? या चुका टाळा

एकटा जाणारा माणूस टेन्शनमध्ये चार वेळा बॅग उघडून बघतो, ग्रुपमधला माणूस मात्र "कोणीतरी आणेलच की" म्हणून निवांत असतो. आमच्या अकरा जणांच्या ट्रिपला हेअर ड्रायर पाच निघाले आणि अडॅप्टर एकच, तोही भलत्याच देशाचा. त्यामुळे सामायिक वस्तूंची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एकाचं नाव लिहा, "सगळ्यांनी लक्षात ठेवा" असं लिहिलं की ते कोणीच ठेवत नाही.

पहिला घोळ तारखेचा. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल तर एअरपोर्टवर १४ च्या रात्रीच पोचायचंय. ऐकायला बावळट वाटतं पण आमच्यातले दोघे याच्यामुळे गेले ना राव, म्हणजे राहिले, कारण ते १५ च्या रात्री निघणार होते आणि आम्ही तोपर्यंत उतरलोही होतो. ग्रुपवर मेसेज टाकताना तारखेबरोबर वार लिहा आणि "१४ ला, रविवारी रात्री ९ वाजता एअरपोर्टच्या गेटपाशी" असं सरळ टाका.

पासपोर्टचं पण तसंच, एक्सपायरी पुढच्या वर्षी आहे ना, मग झालं, असं नसतं. बरेच देश किमान ६ महिने व्हॅलिडिटी मागतात. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने लागते आणि पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला असावा लागतो. नियमात बसत नसेल तर एअरलाईन विमानातच चढू देत नाही. मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही प्रत्येकाचं वेगवेगळं बघा, ग्रुपमध्ये दोन देशांचे पासपोर्टवाले असतील तर हमखास गोंधळ होतो. आणि सगळ्यांचे पासपोर्ट एकाच "जबाबदार" माणसाच्या पाऊचमध्ये देऊ नका प्लीज, ते पाऊच हरवलं की अख्खा ग्रुप अडकला. ज्याचा त्याच्याकडे, आणि फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये, इंटरनेट नसताना उघडेल असा सेव्ह करून.

आता पॉवर बँक. ती चेक-इन बॅगेत टाकायचीच नाही, केबिन बॅगेतच. साधारण १०० वॉट-अवरपर्यंत चालते, हिशोब सोपा आहे, बँकेवर छापलेले एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००, म्हणजे २०,००० ची बँक ७४ वॉट-अवर होते, चालेल, ३०,००० ची १११ होते, तिला एअरलाईनची परवानगी काढावी लागते. आणि वरचा छापील आकडा घासून गेला असेल तर ती सिक्युरिटीला काढून ठेवायला लावू शकतात.

अडॅप्टरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात पैसे जळतात, शब्दशः. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही! जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३० व्होल्ट. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा १००-२४० लिहिलेलं असतं, ते कुठेही चालतात, पण एकाच व्होल्टेजचा ड्रायर किंवा स्ट्रेटनर कमी व्होल्टेजला नुसता कोमट होतो आणि जास्त व्होल्टेजला जळतो. ड्रायर हॉटेलात असतो बहुतेक, नेऊच नका.

लिक्विडचा नियम १०० मिलीच्या बाटलीचा आहे, आतल्या मालाचा नाही, म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत तळाला थोडा शॅम्पू असला तरी ती काढून घेतात. काही एअरपोर्टवर नवीन स्कॅनर आलेत आणि हा नियम सैल झालाय, पण परत येताना दुसऱ्या एअरपोर्टवर तसं असेलच असं नाही.

औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, केबिन बॅगेत. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांमध्ये असतं ते स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये आणता येत नाही, कोडीनवाल्या (खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांत ते असतं) औषधांना युएईमध्ये आधी परवानगी लागते. एकाने सगळ्यांची औषधं एका डब्यात भरली तर कस्टम्सला उत्तर कोण देणार?

बॅगांबद्दल एक आयडिया खरंच कामी आली, दोघांनी एकमेकांच्या बॅगेत एकेक जोड कपडे ठेवायचे, एकाची बॅग आली नाही तरी दोघांचं भागतं. मात्र दुसऱ्याचं सीलबंद पार्सल घेऊ नका, टॅगवर नाव तुमचं असतं. वजन "सगळ्यांचं मिळून" धरून चालू नका, काही एअरलाईन्स एका बुकिंगमध्ये तसं करू देतात, बाकीच्या नाही, आणि एक बॅग ३२ किलोच्या वर गेली की बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.

बॅग आली नाही किंवा फुटली तर बेल्टजवळच्या काउंटरवर तिथेच तक्रार नोंदवून रिपोर्टचा नंबर घ्या, "हॉटेलला जाऊन बघू" नको. मॉन्ट्रियल करारात (एअरलाईनची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) बसणाऱ्या प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशीर झाला असेल तर २१ दिवसांत करावी लागते. बॅगचा फोटो आणि टॅगची चिठ्ठी जपून ठेवा.

आणि हँडलला लाल रिबिन बांधायचा सल्ला सगळेच देतात, त्यामुळे बेल्टवर लाल रिबिनीच्या काळ्या बॅगा ढिगाने फिरत असतात. आमच्यातल्या एकाने अशीच परक्याची उचलली, हॉटेलवर लॉक उघडेना तेव्हा कळलं. मग एअरलाईनला फोन, परत एअरपोर्ट, अर्धा दिवस तिकडेच.