घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू कमी येतंय? चिडचिड वाढायच्या आत हे करा

आमचे नाना म्हणजे माझे सासरे, वय 74, 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. गेली तीन-चार वर्षं घरात एकच वाक्य चालू होतं, "नाना सोयीचं तेवढंच ऐकतात". खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे. मी चहा ठेवू का विचारलं तर उत्तर नाही, आणि ह्यांनी त्याच खोलीतून हाक मारली की लगेच ओ द्यायचे. मग मला वाटायचं की सुनेचं ऐकायचंच नाहीये. एकदा सातला गाडी येणार म्हणून सांगितलं, हे आठला तयार होऊन बसले, गाडीवाला निघून गेला आणि घरात केवढं वाजलं. त्यांनी "आठ" ऐकलं होतं.

ह्याचं कारण कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, म्हणून तेच आधी सांगते. वयामुळे कान जातो तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही, आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ असली अक्षरं त्यातच येतात, म्हणून बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही, "सात"चं "आठ" होतं. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज वरच्या पट्टीतला, पुरुषांचा जाडा, म्हणून मुलाचं ऐकू येतं आणि सुनेचं, नातवंडांचं नाही. त्यात नानांनी इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून काढलेली. म्हणजे मुद्दाम काहीच नव्हतं. तुमच्या घरात कुणी असं वागत असेल तर आधी कान बघा, स्वभावावर नंतर या.

ओळखायचं कसं तर टीव्हीचा आवाज वाढत जातो, फोन एकाच कानाला लावतात, चार माणसं जमली की गप्प होतात किंवा उठून आत जातात, कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल कळत नाही, आणि नुसतंच हसून मान हलवतात. हे मान हलवणं नीट बघा. ऐकू आलेलं नसतं पण परत विचारायची लाज वाटत असते.

आता डॉक्टरकडे न्यायचं कसं, कारण अर्धी लढाई इथेच आहे. "तुम्हाला ऐकू येत नाही" असं सगळ्यांसमोर म्हणू नका, माणूस दुखावतो आणि मग हटूनच बसतो. मी नानांना एकटं गाठून म्हटलं, नाना माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही, मला त्रास होतोय, एकदा तपासून येऊया, कदाचित मळच असेल. आणि खरंच थोडा मळ होता. म्हणून पहिली पायरी कान-नाक-घसा डॉक्टर, कानाच्या मशीनचं दुकान नाही. मळ घरी पिन, काडी, गरम तेल घालून काढायला जाऊ नका, पडदा फाटू शकतो. आणि एक महत्त्वाचं, ऐकू येणं एका रात्रीत अचानक गेलं असेल, विशेषतः एकाच कानाचं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो, आठवडाभर वाट बघण्यातली गोष्ट नाही ती. कान वाहणं, गरगरणं, एकाच कानात सतत आवाज येणं, हेही तसंच लगेच दाखवा.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, अगदी हळू आवाज ऐकू आला तरी बटण दाबायचं, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, काही दुखत नाही. कागदावर आलेख येतो, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. साधारण 25 डेसिबलपर्यंत (आवाज किती मोठा ह्याचं माप) ठीक धरतात, रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. आलेखात उजवीकडे वरच्या पट्टीचे आवाज असतात, नानांची रेघ तिथे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. तो कागद मी ह्यांना दाखवला आणि त्या दिवसापासून "सोयीचं ऐकतात" हे वाक्य घरातून गेलं. तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवाच.

मशीन घेताना घाई करू नका. काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत किमती आहेत आणि महागातलं म्हणजे आपल्या माणसाला योग्य असं नसतं. टेस्टचा कागद बघून ऑडिओलॉजिस्टने (ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ) सेटिंग करून दिलेलंच घ्या, पेपरातली जाहिरात बघून किंवा ऑनलाईन स्वस्तातलं मागवू नका, ती सगळेच आवाज सारखे मोठे करतात आणि माणूस दोन दिवसात काढून कपाटात टाकतो. घालून बघायला काही दिवस देताय का, सेटिंग बदलायला किती वेळा यायचं, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. बोटं थरथरत असतील तर अगदी कानाच्या आत बसणारं छोटं मशीन नको, कानामागचं बरं, हाताळता येतं.

पैशाची अडचण असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, 2017 पासून, 60 च्या पुढच्या आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना कानाचं मशीन, काठी, चष्मा वगैरे मोफत देतात, जिल्ह्यात शिबिरं लागतात, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, बोलणं आणि ऐकणं ह्याच विषयासाठी काढलेली, तपासणी तिथे होते.

आता सगळ्यात अवघड भाग, सवय. बरेच लोक इथेच सोडून देतात. पहिल्या दिवशी नाना म्हणाले, माझाच आवाज डब्यात बोलल्यासारखा येतोय, पेपर उलटला तरी कडकड वाजतंय, भांडी तर असह्य. हे होतं, कारण मेंदूला हे आवाज कित्येक वर्षं मिळालेच नव्हते, ते परत ओळखायला त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीला शांत घरात रोज दोन-तीन तास, एकाच माणसाशी गप्पा, मग टीव्ही, मग बाहेर. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्याच आठवड्यात नेऊ नका. मशीन शिट्टी मारत असेल तर कानात नीट बसत नाहीये, परत जाऊन दाखवा.

रोजची काळजी सोपी आहे. आंघोळीच्या आणि डोक्याला तेल लावायच्या आधी काढून ठेवायचं. रात्री सिलिका जेलच्या डबीत, पावसाळ्यात तर नक्कीच, ओल्याने मशीन बिघडतं. सेलचा नंबर डबीवर मोठ्या अक्षरात लिहा (आमचा 13, केशरी स्टिकरवाला), स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग घाला, जास्त टिकतो. आणि हे बारीक सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर जिवावरचं आहे.

मशीन आलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही, आपल्यालाही बोलायला शिकावं लागतं. मी आधी स्वयंपाकघरातून ओरडायचे, आता समोर जाते. आधी नाव घ्यायचं किंवा खांद्याला हात लावायचा, त्यांनी बघितलं की मग बोलायचं. उजेड आपल्या तोंडावर हवा, ओठ दिसले की निम्मं कळतं. ओरडायचं नाही, ओरडल्याने अक्षरं अजून फाटतात आणि त्यांना वाटतं आपल्यावर खेकसतायत. तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला, "सातला गाडी" नाही कळलं तर "सकाळी चहानंतर लगेच निघायचं, सात वाजता" असं. जेवताना टीव्ही बंद आणि त्यांना भिंतीला पाठ लावून बसवा, सगळ्यांचे चेहरे दिसतात.

आणि "काही नाही, जाऊ दे" हे शब्द कायमचे सोडा. सगळे हसतायत, त्यांनी विचारलं काय झालं आणि आपण म्हणतो जाऊ दे. नानांनी मला नंतर सांगितलं की ऐकू न येण्यापेक्षा त्याचं जास्त लागायचं, म्हणूनच ते भजनाला जायचे बंद झाले होते. आम्हाला वाटत होतं गुडघे दुखतात म्हणून जात नाहीत. असं माणसांतून तुटत जाणं डोक्यालाही बरं नाही. लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञांच्या समितीने (लॅन्सेट कमिशन) 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्यासारखे धोके सांगितले त्यात ऐकू कमी येणं आहे.

आता आठ महिने झाले. गुरुवारी भजनाला जातात, पुढे पेटीजवळ बसतात. मागच्या आठवड्यात मी अंगणात होते तर आतून आवाज आला, "सूनबाई, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करू का?" मी तशीच उभी राहिले दोन मिनिटं.

टेस्ट दर वर्षी परत करायची, ऐकणं बदलतं तसं सेटिंग बदलावं लागतं. नानांची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, आणि त्याच दिवशी सासूबाईंनाही नेणार आहे. त्या म्हणतात मला सगळं ऐकू येतं, पण टीव्हीचा आवाज काल परत 40 वर होता.