जुन्या भिंतीवर नवा रंग: या कामात येणाऱ्या पोरांसाठी

सांगलीत रंगकाम शिकायला आलेला पोरगा आधी रोलर मागतो. मी त्याच्या हातात ओला बोळा आणि स्पिरिट देतो. कोऱ्या भिंती नव्या इमारतींत. गावभागातल्या जुन्या घरांत तळाला चुना, त्यावर डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा खडूचा रंग) आणि खाली कमरेएवढा ऑइल पेंटचा पट्टा असतो. टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल पुसून काढता यावं म्हणून तो मारायचे. सोय चांगली होती, पण आता निस्तरतो आपण.

आधी ओला बोळा घासा. पांढरी भुकटी आली तर चुना किंवा डिस्टेंपर. नाही आली तर कोपरा साबणाने धुवून वाळवा आणि कापसाने स्पिरिट चोळा. रंग मऊ पडून कापसाला लागला तर बहुतेक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लॅस्टिक पेंट. ढिम्म हलला नाही तर ऑइल पेंट धरून चाला.

सगळ्यात जास्त फसवतो तो ऑइल पेंट. गुळगुळीत असल्यामुळे त्यावर इमल्शनला पकड मिळत नाही. पहिले काही महिने भिंत झकास दिसते, मग कपाट सरकवताना कोपरा लागला की अख्खा पापुद्रा सोलून हातात येतो. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि १८० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी मारून घासायच्या पॉलिश पेपरने) चकाकी जाईपर्यंत घासा. मग ऑइल प्रायमरचा, म्हणजे वरच्या रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचा, एक हात, रात्रभर वाळवण, त्यानंतर इमल्शन. सिमेंटची पुट्टी थेट ऑइल पेंटवर ओढणारे खूप भेटतील. ती धरत नाही.

घासायचं ते पाणी मारूनच, आणि तोंडाला मास्क हवा. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात जास्त शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर त्याला त्या खोलीपासून लांब ठेवायला सांगा, आणि चिखल झाडून नव्हे, ओल्या फडक्याने उचला.

चुना-डिस्टेंपरचं त्यामानाने सोपं, फक्त कंटाळवाणं. नव्या रंगातल्या पाण्याने खालची भुकटी भिजते आणि वरचा थर घेऊन सुटते. पत्र्याने खरवडा, धुवा, वाळू द्या, मग प्रायमर.

नदीकाठच्या घरांचं मात्र वेगळं. २०१९ च्या पुरात जी घरं बुडाली, तिथं ऑइल पेंटच्या मागे ओल अडकून फुगे आलेले मी पाहिलेत. अशा ठिकाणी पट्टा पूर्ण काढून भिंतीला श्वास घेऊ द्या. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेले पांढरे क्षार, दिसला तर कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रंगाचा डबा उघडूच नका.

आता पैशाचं. घटस्थापना जवळ आली की काकू म्हणणारच, "एक हात मारून दे की रे बाबा, सणापुरतं." नाही म्हणू नका, पण घासकाम आणि प्रायमर कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. ती ओळ त्यांनी खोडली तर त्यांची सही घ्या, आणि पापुद्रे निघाल्यास फुकट दुरुस्ती नाही हेही तिथंच लिहा. बोळ्याला लागलेली भुकटी दाखवली की बऱ्याच काकू ती ओळ ठेवतात.