पीईबी शेड घेताना दराआधी भार ठरवा

आमच्या शेडसाठी तीन कोटेशनं आली तेव्हा तिन्हींत आकार एकच होता, २० मीटर बाय ५० मीटर. लोखंड मात्र एकाने ३४ टन धरलेलं, दुसऱ्याने ३२ आणि तिसऱ्याने २९. मला तिसरा हुशार वाटला. ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि फक्त ‘डिझाइन लोड’ची ओळ वाचायला लावली. पहिल्या दोघांनी छतावरचा चल भार (दुरुस्तीला चढणारी माणसं, सामान वगैरेंचा येणारा-जाणारा भार) भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन (साधारण ७५ किलो) धरला होता. तिसऱ्याने अमेरिकी पद्धतीतली सवलत घेऊन ०.५७ धरला होता. स्वस्ताईचं मोठं कारण तिथेच होतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग (पीईबी) म्हणजे कारखान्यात कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून आणलेला आणि जागेवर नट-बोल्टने जोडलेला लोखंडी सांगाडा. त्यात गरजेपेक्षा जास्त लोखंड ठेवतच नाहीत. म्हणून गणितात धरलेला भार चुकला तर सांभाळून घ्यायला फारसं काही उरत नाही.

‘आमची बिल्डिंग सर्टिफाइड आहे’ असं विक्रेता म्हणाला की विचारा, कशाचं सर्टिफिकेट? आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं. तुमच्या शेडचा कॉलम किती वारा झेलेल, हे ते सांगत नाही. तुम्हाला हवी ती तुमच्या प्लॉटसाठी केलेली आणि पात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही केलेली गणितं, लोखंडाचे चाचणी दाखले आणि शेवटी शेड उभी राहिल्यावरचं स्थैर्य प्रमाणपत्र.

आधी परवानगी

एमआयडीसीत प्लॉट असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच. बाहेर असाल तर महापालिका, प्रादेशिक प्राधिकरण किंवा जिल्ह्याचं नगररचना कार्यालय, आणि राज्याच्या बहुतेक भागात २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. अग्निशमनाचा ना हरकत दाखला २००६ च्या राज्य कायद्याखाली लागतो. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. ही कामं आर्किटेक्ट करतो, पण ऑर्डरच्या आधी करू द्या. चारी बाजूंची मोकळी जागा आणि अग्निशमन गाडीचा रस्ता सोडल्यावर शेडची रुंदी अनेकदा बदलते.

गरजेचा कागद तुम्हीच लिहा

लांबी, रुंदी, उंची. उंची लिहिताना ‘राफ्टरच्या (छताच्या तिरक्या तुळईच्या) खालून मोकळी उंची’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून दिली जाते आणि क्रेन बसत नाही. क्रेन किती टनांची, पोटमाळा हवा का, स्प्रिंकलरचे पाइप छताला टांगणार का, पुढे सोलार बसवणार का? सोलार पॅनेल चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो भार वाढवतात. तो आज गणितात धरला तर खर्च थोडाच वाढतो. नंतर सांगाडा मजबूत करणं फार महाग पडतं.

वारा, भूकंप आणि उघडं शटर

वाऱ्यासाठी भारतीय मानक आयएस ८७५ चा तिसरा भाग (२०१५) बघतात. त्यात पुणे आणि नाशिकचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई आणि नागपूरचा ४४. फरक किरकोळ वाटतो, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३९ ला चौरस मीटरवर साधारण ९३ किलो, ४४ ला ११८ किलो, म्हणजे सव्वापट. पुण्याचं डिझाइन उचलून नागपूरच्या बुटीबोरीत उभं केलं तर काय होईल, ते यावरून समजा.

हलक्या शेडला वारा ढकलतो त्याहून जास्त उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती घरांचे पत्रे उडाले, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यात शटर उघडं असेल तर आत शिरलेला वारा छताला खालून रेटतो. मानकात हा आतला दाब भिंतीतल्या उघड्या जागेवर ठरतो: ५ टक्क्यांपर्यंत गुणांक ०.२, २० टक्क्यांपर्यंत ०.५ आणि त्यापुढे ०.७. म्हणून किती शटर आणि त्यातली किती दिवसभर उघडी, हे कागदावर द्याच. विक्रेता विचारत नाही.

भूकंपासाठी आयएस १८९३, लोखंडाच्या डिझाइनसाठी आयएस ८००:२००७. हलक्या शेडमध्ये बहुतेक वेळा वाराच भारी पडतो, तरी कोयना परिसरात असाल तर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप लक्षात ठेवा आणि भूकंपाची गणितं वेगळी मागून घ्या.

कोटेशन एका मापात आणा

हे सगळे भार लिहून तोच कागद तिघांनाही द्या. आता वजनांची तुलना खरी होईल. दर किलोवर आहे की चौरस फुटावर, ते बघा. पत्र्याची जाडी विचारताना ‘०.५० मिमी’ एवढ्यावर थांबू नका. ती कोटिंगसकट आहे की नुसत्या लोखंडाची? दोन्हींत साधारण ०.०५ मिमीचा फरक पडतो.

निवडलेलं डिझाइन विक्रेत्याशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून तपासून घ्या. ही फी वाचवू नका.

कारखान्यात एक दिवस

माल निघण्याआधी स्वतः जा. प्लेटवर हीट नंबर (लोखंड ज्या ओतीतलं, तिचा क्रमांक) छापलेला असतो. तोच नंबर मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे पोलाद कारखान्याच्या चाचणी दाखल्यावर सापडला पाहिजे. कागद एका प्लेटचा आणि माल दुसऱ्याचा असेल तर तो दाखला निरुपयोगी. वेब (मधली उभी प्लेट) आणि फ्लँज (कडेच्या पट्ट्या) यांच्या जोडावरून बोट फिरवा, वेल्डिंग सलग लागलं पाहिजे. रंगाची जाडी मीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा.

फाउंडेशन बोल्ट

पाया बहुधा स्थानिक कंत्राटदार करतो आणि सांगाडा पीईबीवाला. दोघांच्या मधे कॉलम पायाला धरून ठेवणारे हे बोल्ट बेवारस राहतात. पायाचं डिझाइन पीईबीवाल्याने दिलेल्या कॉलमच्या भारांवरूनच करून घ्या, वर उचलणारा भारही त्यात हवा. काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट लोखंडी टेम्प्लेटमध्ये पक्के करून अंतरं आणि कर्ण दोन्ही मोजा.

आमच्याकडे एका कॉलमचे बोल्ट १२ मिलिमीटर सरकले होते. इरेक्शनच्या पोरांनी लगेच गॅस कटर काढला, बेसप्लेटचं (कॉलमच्या तळाच्या प्लेटचं) भोक मोठं करायला. मी काम थांबवलं. दोन दिवस गेले, डिझाइनरकडून लेखी उपाय आला, नवी जाड वॉशर प्लेट वेल्ड केली आणि मगच कॉलम उभा राहिला. ते दोन दिवस तुमच्यावर आले तर घ्या.

उभारणी आणि फाइल

पहिल्या दोन फ्रेम उभ्या राहिल्या की त्यांच्यातलं ब्रेसिंग लगेच लागलं पाहिजे. फुलीसारखे दिसणारे ते रॉड शटरच्या आड येतात म्हणून पुढे कुणी काढायला सांगेल. डिझाइनरच्या लेखी होकाराशिवाय एकही काढू देऊ नका. जोडांचे उच्च ताकदीचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) घट्ट झाले का, याची नोंद घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी स्थैर्य प्रमाणपत्र, प्रत्यक्ष उभारणीप्रमाणे सुधारलेली ड्रॉइंग, गणितं आणि चाचणी दाखले एका फाइलमध्ये ताब्यात घ्या. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी त्यातले कागद लागतील, आणि चार वर्षांनी सोलारवाला छतावर चढायच्या आधी हीच फाइल मागेल.