टेबलावरचा जलदुर्ग: दमट हवेत टिकेल असा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिकाखेळांत, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत, टेबलावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन, असे प्रमाण रूढ आहे. त्यामुळे प्रतिकृतीचे प्रमाण १:६० ठरते आणि सहा फूट उंचीचा माणूस सुमारे ३० मिलिमीटरचा होतो. अशा खेळासाठी टेबलावर मांडायचा किल्ला करायला घेण्यापूर्वी हे गणित पक्के करावे. दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे या मापाला फार मोठे पडतात आणि त्यांच्या बेताने बांधलेल्या तटावर खेळातल्या सोंगट्या मुंगीएवढ्या दिसतात.

नमुना म्हणून मालवणचा सिंधुदुर्ग समोर ठेवावा. कुरटे बेटावर १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याचा तट सुमारे ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद असून त्याचा घेर जवळपास तीन किलोमीटर भरतो. आपल्या प्रमाणात उंची सहा इंच होते आणि रुंदी जेमतेम अडीच इंच, म्हणजे तटावर सोंगट्यांसाठी दोन चौकोनांची वाट सोडून कठड्याला जागा उरते. घेर मात्र पन्नास मीटरचा होईल, त्यामुळे सबंध किल्ल्याचा हव्यास सोडावा. दोन बुरूज, त्यांच्यामधला दरवाजा आणि तटाचे चार सुटे तुकडे एवढ्यावर खेळ उत्तम रंगतो. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणाआड दडवलेला असावा. सिंधुदुर्गाचा दरवाजा लांबून ओळखू येत नाही, आणि खेळातही हल्ला करणाऱ्याला तो वळसा घातल्याशिवाय दिसू नये यातच खरी गंमत आहे. तटाची उंची तीन इंच ठेवली तरी चालते, किंबहुना तशीच ठेवावी, कारण सहा इंची भिंतीपलीकडचे टेबल बसलेल्या माणसाला दिसत नाही.

साहित्य निवडताना किंमत आणि सोय यांच्या आधी कोकणातल्या हवेचा विचार करावा लागतो. परदेशी चित्रफितींत सर्रास दिसणारे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले, फळे ओल शोषून कडेने फुगतात. साधा पुठ्ठा एकाच बाजूने रंगवला तर वाकतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी रंगवावा लागतो. पिठाच्या खळीने चिकटवलेल्या कागदाच्या लगद्याला पावसाळ्यात बुरशी येते आणि झुरळेही लागतात. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण मोरचूद विषारी असल्याने मुले हाताळणार असलेल्या वस्तूत ते वापरू नये. मासळीचे थर्माकोलचे जुने खोके फुकट मिळतात खरे, मात्र कितीही धुतले तरी त्यांचा वास जात नाही आणि चार तास त्या वासात खेळणे कोणालाच रुचणार नाही. शिवाय थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारला तर त्यातल्या द्रावकाने तो विरघळून त्याला खड्डे पडतात. थर्माकोल वापरायचाच असेल, तर आधी फेविकॉल आणि कागद यांचे अस्तर चढवून ते पूर्ण वाळू द्यावे.

या सगळ्यांपेक्षा सनबोर्ड बरा. फलक आणि बॅनर बनवणाऱ्या दुकानांत त्याचे कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. हा पीव्हीसीचा फळा पाण्याने फुगत नाही आणि साध्या कटरने कापला जातो. त्यावर फेविकॉलची पकड कमी बसते, म्हणून सांधे फेव्हिक्विकने जोडावेत आणि पृष्ठभाग आधी खरखरीत कागदाने घासून घ्यावा. तटाचा प्रत्येक तुकडा आतून पोकळ पेटीसारखा करावा. दोन तुकडे जोडण्यासाठी लोहचुंबक वापरण्याची पद्धत आहे, पण त्यावरचा मुलामा जरा खरवडला गेला की खाऱ्या हवेत ते गंजू लागतात. माडाच्या हिरांचे बोटाच्या पेराएवढे खुंट एका तुकड्यात बसवून समोरच्या तुकड्याला तेवढीच भोके पाडली, तर काम तेच होते आणि खर्च शून्य.

बुरुजासाठी ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. नळकाम करणाऱ्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात. बुरूज पोकळ असल्याने त्याच्यातच फासे टाकण्याची सोय होते. आत सनबोर्डच्या तीन उतरत्या पट्ट्या एकाआड एक, साधारण ४५ अंशांत बसवाव्यात आणि खाली दोन इंच रुंदीची कमान कापावी. वरून टाकलेला वीस बाजूंचा फासा पट्ट्यांवर आपटत, उलटत कमानीतून बाहेर पडतो, म्हणून कोठेही चार सेंटिमीटरपेक्षा अरुंद जागा राहू देऊ नये. पट्ट्यांवर जुन्या लोकरी कापडाचे तुकडे चिकटवले तर खडखडाट बराच कमी होतो. एक बुरूज या कामी लावून दुसरा तटाच्याच उंचीचा ठेवावा.

आता दगड. भिंतीची पुट्टी फेविकॉलमध्ये कालवून तिचा दोन मिलिमीटरचा थर तटाच्या बाहेरच्या अंगाला द्यावा. थर अर्धवट सुकला की ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाचा गोळा त्यावर दाबत जावे, म्हणजे जांभ्याची ती चाळणीसारखी छिद्रे उमटतात. मग सुईने चिऱ्यांच्या रेघा ओढाव्यात. फूटभर लांबीचा चिरा प्रमाणात पाच मिलिमीटरचा होतो, पण एवढ्या बारीक रेघा ओढण्यात दिवस जातात आणि रंग चढल्यावर त्या बुजतातही. आठ मिलिमीटरचा चिरा नजरेला मुळीच खटकत नाही.

रंगाबाबत माझे ठाम मत आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा तांबडा असतो, पण समुद्राच्या तोंडावर शेकडो पावसाळे काढलेला तट तांबडा राहत नाही, आणि विटकरी रंगात बुडवलेली प्रतिकृती काल बांधलेल्या कुंपणासारखी दिसते. आधी काळपट तपकिरी अॅक्रिलिक रंगाचा सलग हात द्यावा. मग कोरड्या कुंचल्यावर थोडासाच तांबूस आणि पिवळट रंग घेऊन तो फक्त उंचवट्यांवरून फिरवावा, आणि भरतीचे पाणी जिथवर येते तिथवर हिरवट काळा रंग पुसट लावावा. बांधांवरचा एखादा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, समोर ठेवून रंगवले तर रंग चुकत नाही.

आतल्या घरांच्या छपरांसाठी आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके उपयोगी पडते. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या पन्हळी उघड्या पडतात आणि त्या नळीच्या कौलांसारख्याच दिसतात. माड खऱ्या प्रमाणात केले तर ते फूटभर उंच होऊन खेळणाऱ्यांच्या कोपरांना लागतात, म्हणून तारेभोवती सुंभ गुंडाळून सहा इंचांचेच करावेत. किल्ल्यासोबत गलबतही मांडायचे असेल, तर त्याच्या शिडाचे कापड ताठ करण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरावी. सावंतवाडीच्या गंजिफांचे कापडी पत्ते याच खळीने कडक करण्याची जुनी रीत आहे.

किनाऱ्यासाठी पुळणीवरची वाळू आणली, तर ती गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन कडक उन्हात वाळवावी, कारण वाळूतले मीठ हवेतली ओल ओढत राहते आणि काही महिन्यांत रंगाला पोपडे येतात. वाळू चिकटवायला पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन घ्यावा. शेवटी सगळ्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या मॅट वार्निशचे दोन हात द्यावेत आणि किल्ल्याखाली समुद्र म्हणून फळा ठेवला असेल, तर फक्त त्यावर चकचकीत वार्निश लावावे. हे ओले काम जमेल तर मार्च ते मे या काळात उरकावे. उन्हाळ्यात दुपारभरात वाळणाऱ्या थराला श्रावणात दोन दिवसही लागतात, आणि वरून सुकलेला पण आतून ओला राहिलेला थर झाकून ठेवला की चिकटून निघतो. मिरगाच्या आधी सर्व तुकडे झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि तुकड्यांच्या मध्ये वर्तमानपत्राऐवजी मेणकागद घालावा.